हुडकोहून आलेली चिठ्ठी

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसत वाचते. नवऱ्याला ओरडून सांगते, "ऐक, आज पुन्हा पांढरी साडी आली!" त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर तो समोर बसून दात काढतोय. काढू दे.

आमच्या घरात भूतखेत, नजर काढणं, अंगात येणं हे कधी नव्हतंच. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही. सकाळी बुद्धवंदना, मग आपापलं काम. लिंबू-मिरची बाबा आणायचे ती फक्त भाजीत घालायला. त्यात माझा धंदा असा, की जे घडतं त्याची कुठेतरी नोंद असतेच. नोंद सापडली नाही तर आम्ही म्हणतो, नीट शोधलं नाहीस. भुतावर मात्र अजून कुणी ढकललेलं नाही.

मी भिलाईत राहते, स्मृति नगरमध्ये. मूळचे आम्ही भंडाऱ्याकडचे, पण माझा जन्म इथला, शाळा हिंदी, म्हणून मराठी लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. वरच्या खोलीत टेबल, दोन स्क्रीन, आणि घरूनच नोकरी. आमची कंपनी — नाव लिहीत नाही — एक वेब ब्राउझर बनवते. त्यात वापराचा डेटा गोळा करणारा जो कोड असतो, तो मी सांभाळते.

हे सांगितलं की लोकांच्या भुवया वर जातात. "म्हणजे हेरगिरीच ना?" नाही हो. तुम्ही काय वाचता, काय लिहिता, त्याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. आम्ही फक्त मोजतो. किती टॅब उघडले, एखादं बटण किती वेळा दाबलं, अक्षर किती वेळा मोठं केलं... एवढंच. ब्राउझर हे आकडे एका छोट्या चिठ्ठीत घालून सर्व्हरला पाठवतो. चिठ्ठीवर नाव नसतं. लाखो चिठ्ठ्यांत ती मिसळून जाते. आणि सेटिंगमध्ये एक चौकट असते — तिच्यातली टिक काढली की चिठ्ठ्या बंद. पूर्ण बंद. ते खरोखर पूर्ण बंद होतं की नाही हे तपासणारी टेस्ट मी स्वतः लिहिलेली आहे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक अपवाद असतो. नवा कोड तपासताना आम्ही स्वतःच्या मशीनला एक लेबल लावतो. मग त्या मशीनची चिठ्ठी गर्दीत न मिसळता, वेगळ्या पानावर, लेबलासकट लगेच दिसते. हे लेबल फक्त स्वतःच्या मशीनला लावायचं असतं. मी ते बाबांच्या कॉम्प्युटरला लावलं. लेबल ठेवलं — hudco.

बाबा हुडकोत राहतात, भिलाईतल्याच हुडको कॉलनीत. आई गेल्यापासून एकटेच. मी कितीदा म्हटलं, स्मृति नगरला या. उत्तर ठरलेलं — "मले तिथं करमत नाही. तुमच्या घरी चहा पन विचारून देतात." (आम्ही साखर किती ते विचारतो, तेवढ्यावरून.)

बाबा स्टील प्लांटमध्ये टाइम ऑफिसला होते. हजेरी क्लार्क. तेव्हा अजून कार्ड-बिर्ड नव्हतं, प्रत्येक कामगाराचा एक पितळी टोकन असायचा, त्यावर नंबर ठोकलेला. आत जाताना टोकन बोर्डावर लावायचा, सुटताना काढून न्यायचा. एका उन्हाळ्यात दुपारी दोनला फर्स्ट शिफ्ट सुटली आणि बोर्डावर एक टोकन तसाच राहिला. सगळे म्हणाले, विसरून गेला असेल घरी. बाबा म्हणाले, "टोकन आहे तर मानूस आहे." आणि हेल्मेट घालून स्वतः आत शोधायला गेले. जवळच्या उतई गावचा फागूराम नावाचा एक मजूर तापाने चक्कर येऊन पंप हाऊसच्या मागे पडला होता. संध्याकाळपर्यंत त्या बाजूला कुणी फिरकलं नसतं.

हा किस्सा लहानपणापासून आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे की "टोकन आहे तर मानूस आहे" ही आमच्या घरची म्हणच झाली. बाथरूमची कडी आतून लागलेली असली तरी आम्ही हेच म्हणतो! फागूकाका मात्र विसरले नाहीत. दर थंडीत उतईहून सायकलवर तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीची, भाजी घेऊन यायचे, रिटायर झाल्यावरसुद्धा. तीन-चार वर्षांपूर्वी ते गेले.

तर असे हे बाबा. रोज सकाळी नऊला कॉम्प्युटर लावून नागपूरचा पेपर वाचायचे. वाचून ब्राउझर बंद केला की इकडे माझ्या स्क्रीनवर hudco ची चिठ्ठी. सुरुवातीला खरंच टेस्टिंगसाठी होतं. मग सवय लागली. साडेनऊच्या सुमारास हातात चहा, आणि चिठ्ठी आली का ते बघायचं. आली की बाबा ठीक आहेत. तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? मलाही तेच वाटायचं.

मग उन्हाळ्यात एका रविवारी मी माती खाल्ली. जेवता जेवता बोलून गेले, "बाबा, डोळे दाखवून या. आधी दोनदा अक्षर मोठं करायचे, आता चारदा करता."

बाबांचा घास हातातच राहिला.

"तुले कसं मालूम?"

मी सांगितलं. अगदी कौतुकाने सांगितलं मूर्खासारखं — लेबल, चिठ्ठी, सगळं.

"म्हणजे तू मले मोजून राहिली?"

"अहो बाबा, काळजीपोटी..."

"तीस वर्षं हजेरी लावली म्या. समोर उभं करून लावली. कोनाच्या मांगून नाही लावली." मग, "मले विचारलं का नाहीस?"

विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नव्हतं — हे खरं उत्तर. ते उठले, हात धुतले, कॉम्प्युटर लावला आणि माझ्यासमोर ती टिक काढून टाकली.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या बंद. आणि बोलणंही बंदच म्हणा. मी रविवारी डबा घेऊन जायची, ते घ्यायचे, "ठेव तिथं" म्हणायचे. फोन केला तर कधी उचलायचे, कधी नाही. उचलला तर "हो, बरा आहे," आणि कट. मला फार लागलं. रागही आला. आपल्या बापाची काळजी करायला काय अर्ज भरायचा? पण मनातून कळत होतं की ते बरोबर आहेत, आणि त्याचाच जास्त राग यायचा. पाच महिने असेच गेले.

दिवाळीनंतर ऑफिसात एक मोठं काम निघालं. डेटा गोळा करायचा जुना कोड मोडून नव्या पद्धतीत आणायचा होता. शेकडो मोजण्या, काही दहा-बारा वर्षं जुन्या. प्रत्येकीला विचारायचं — तुझा मालक कोण? तू कशासाठी आहेस? कधीपर्यंत? ज्यांचं उत्तर मिळत नाही त्या काढून टाकायच्या. कपाट आवरण्यासारखंच काम, मला आवडतं. सोमवारी मी अक्षर मोठं करण्याची जुनी मोजणी माझ्या लॅपटॉपवरच्या कोडमधून काढली आणि त्या जागी नव्या नावाची नवी बसवली.

बुधवारची गोष्ट. सकाळचे पावणेअकरा वाजून गेले होते, खिडकीतून छान ऊन आलं होतं. मी नवा कोड चालवून लेबलांचं पान बघत होते. माझ्या लॅपटॉपचं लेबल वेगळं, त्याच्या चिठ्ठ्या येत होत्या. आणि त्यांच्या वर एक ओळ आली.

hudco. दहा अठ्ठेचाळीस.

आधी वाटलं जुनंच पान उघडलं. नाही, तारीख आजची. चिठ्ठी उघडली. ब्राउझरचं व्हर्जन, विंडोज, सगळं बाबांच्या कॉम्प्युटरचं. आत एकच मोजणी — अक्षर मोठं केलं, जुन्या नावाने — आणि आकडा २३१६.

मला भीती वगैरे काही वाटली नाही... म्हणजे वाटली, पण नोकरीची. टिक काढलेली असताना चिठ्ठी येणं हा आमच्याकडचा सगळ्यात वाईट बग. लोकांनी नाही म्हटलं आणि आम्ही तरी घेतलं, असा त्याचा अर्थ. आणि टेस्ट माझी! पुण्यात सुमित माझा कोड तपासतो, त्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा लगेच फोन.

"तुझाच लॅपटॉप असेल ना?"

"माझ्यातून ती मोजणी सोमवारीच काढली रे. आणि माझं लेबल वेगळं आहे."

"मग दोन हजार वेळा झूम कोण करतं?"

"तेच तर."

"हे बघ, त्या मशीनवरचं ब्राउझरचं प्रोफाइल फोल्डर पाहिजे, सगळी सेटिंग त्यातच असतात. काही बदलायच्या आधी. आज मिळेल?"

मी बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. तेच. मनात म्हटलं, चला, आज न उचलण्याचा दिवस आहे. पेन ड्राइव्ह घेतला, स्कूटी काढली आणि हुडकोला निघाले. रस्ताभर एकच विचार, की बाबा कॉम्प्युटरला हात लावू देतील का? त्या गोष्टीवरून पाच महिने अबोला, आणि आता मी सांगायचं की "बाबा, तुम्ही टिक काढली तरी तुमचा डेटा आला"?

मी हे मुद्दाम लिहिते आहे. मी बाबांसाठी गेले नव्हते. बगसाठी गेले होते.

बेल वाजवली, कुणी उघडलं नाही. माझ्याकडे दुसरी किल्ली असते. आत गेले तर पॅसेजमध्ये स्टूल आडवं पडलेलं आणि त्याच्या शेजारी बाबा. एक पाय विचित्र वळलेला. डोळे उघडे होते.

"आलीस?"

"बाबा! फोन कावून नाही उचलला?" माझ्या तोंडून हेच निघालं, आणि तेही आईच्या भाषेत.

"फोन तिकडं चार्जिंगले, मी इकडं. कसा उचलू?"

मग अॅम्ब्युलन्स, हॉस्पिटल, एक्स-रे. खुब्याचं हाड मोडलं होतं. साखर पार खाली गेलेली, कारण सकाळची गोळी घेतली होती आणि नाश्ता व्हायचा होता. कामवाली आठला येऊन गेली होती, ती उगवणार दुसऱ्या दिवशी. मी रविवारी. डॉक्टरांनी एवढंच म्हटलं की लवकर आणलंत ते बरं झालं, संध्याकाळपर्यंत असेच पडून राहिले असते तर कठीण होतं. ते ऐकून मी बाहेरच्या बाकावर बसले आणि पोटभर रडले. लाज वाटावी इतकी रडले.

ऑपरेशन झालं, दोन दिवसांनी बाबा बोलायला लागले. मी ठरवलं, सांगून मोकळं व्हायचं.

"बाबा, एक चूक झाली आहे. तुम्ही टिक काढली होती, तरी बुधवारी तुमच्या कॉम्प्युटरवरून डेटा आला. म्हणूनच मी आले होते. सॉरी."

"कॉम्प्युटर तर माळ्यावर आहे."

"कुठे?"

"माळ्यावर. दिवाळीच्या सफाईत टाकला ना. चादरीत बांधून. मोबाईलवरच वाचत होतो पेपर."

मी त्या संध्याकाळी हुडकोला जाऊन बघितलं. माळ्यावर आईच्या जुन्या सोलापुरी चादरीत गाठ मारून बांधलेला कॉम्प्युटर. वर धुळीचा थर. वायर गुंडाळून रबर लावलेलं. इंटरनेटचं कनेक्शनसुद्धा त्यांनी बंद करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनीच विषय काढला. "आला होता म्हनते, तर काय आला होता?"

"काही नाही हो, उलटसुलट आकडा. अक्षर मोठं केलं, दोन हजार तीनशे सोळा वेळा."

"पुन्हा सांग."

"दोन हजार तीनशे सोळा. तेवीस सोळा."

बाबा हळू म्हणाले, "तेवीस सोळा तर फागूचा टोकन."

आता, माझ्या स्वभावाप्रमाणे मी विश्वास ठेवला नाही. शहात्तर वर्षांचा माणूस, औषधांच्या गुंगीत, हजारो टोकन हाताळलेले. काहीही आठवू शकतं. म्हणून बाबा वॉकरवर चालायला लागल्यावर आम्ही गाडीने उतईला गेलो. फागूकाकांची बायको अंगणात धान पाखडत होती. बाबांना बघून उठली, डोक्यावर पदर घेतला. बाबांनी टोकनचं विचारलं. टोकन बंद होऊन कार्डं आली, तेव्हा फागूकाकांनी आपला टोकन बाबांकडून मागून घेतला होता म्हणे. तिने कोठीच्या दारावरच्या खिळ्याला अडकवलेला तो काढून माझ्या हातात दिला. पितळ काळं पडलेलं, पण आकडे ठोकलेले ते स्वच्छ. २३१६.

तिने बाबांना विचारलं की पाय कधी मोडला. बाबांनी सांगितलं. ती छत्तीसगढीत म्हणाली, "ओहर रोज पूछय, बाबू बने हे के नइ?" म्हणजे, बाबू बरे आहेत की नाहीत, असं फागूकाका रोज विचारायचे. बाबांचं नाव त्या घरात 'बाबू'च.

परत येताना गाडीत मांडीवर तिवऱ्याच्या भाजीची पिशवी.

सुमितचं म्हणणं, टीममधल्या दुसऱ्या कुणीतरी तेच लेबल वापरलं असेल, हुडको कॉलन्या काय देशभर आहेत. असेल. आम्ही सगळ्यांना विचारलं, कुणी हो म्हणालं नाही. आकडा म्हणजे योगायोग. तोही असेल. मी माझी टेस्ट शंभरदा चालवली, ती शंभरदा पास झाली. लेबलाच्या पानावरच्या चिठ्ठ्या काही दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, तशी तीही गेली. राहिला एक स्क्रीनशॉट, आणि स्क्रीनशॉट तर आजकाल कुणीही बनवतं. वर ती जुनी मोजणी आता सगळ्यांच्याच ब्राउझरमधून गेली आहे, माझ्याच हाताने. तेव्हा मला पुरावा मागू नका, आणि उलगडाही. माझ्याकडे दोन्ही नाही.

एक मात्र मी बाबांना फार उशिरा विचारलं — त्या दिवशी स्टुलावर कशाला चढला होता?

"कॉम्प्युटर काढाले."

"मोबाईलवर दिसत होतं ना सगळं?"

"दिसत होतं." मग भिंतीकडे बघत, "म्हटलं, पोरीची ते टिक लावून द्यावी. पाच महिने झाले. भाजीवाला वरडत होता दाराशी, त्याले थांब म्हनाले वळलो तं पाय सुटला."

भाजीवाला त्यांच्या गल्लीत पावणेअकराला येतो. रोज.

आता बाबा पुन्हा हुडकोत आहेत, ऐकतात कुठे. कॉम्प्युटर टेबलावर आहे, नेट आहे. मी गेल्या रविवारी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "बाबा, लेबल लावू का? रोज सकाळी मला कळेल. नको असेल तर नाही लावणार."

त्यांनी चष्मा पुसला, सेटिंग उघडलं, चारदा अक्षर मोठं केलं आणि टिक स्वतःच लावली.

"लाव हजेरी," म्हणाले. "आता विचारलंस ना."